ईदी, यूसी आणि लोकलचा पास

२०२१ची बकरी ईद आठवते का? २१ जुलैला होती. करोनामुळे ईदगाह बंद, मशिदीत गर्दी करायची नाही, नमाज घरीच पढायची, गळाभेट तर विसराच. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, शिवाय माझी आई. पाहुणे नाहीत, त्यामुळे मुलाची ईदीही त्या वर्षी तुटपुंजीच. नानीने दिलेले दोनशे, अब्बूचे दोनशे, माझे शंभर आणि शेजारच्या काकूंनी दारातूनच हातावर ठेवलेले पन्नास. एकूण साडेपाचशे.

संध्याकाळी आईच्या मोबाइलवर बँकेचे दोन मेसेज आले. एक ३८० रुपयांचा, दुसरा ७५ रुपयांचा. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने फोन माझ्याकडे दिला. मी मेसेज वाचले आणि माझं डोकंच फिरलं. घरात हे उद्योग कोण करणार, हे विचारायची गरज नव्हती.

मुलगा तेव्हा सातवीत होता. मी आवाज चढवल्यावर तो एवढंच म्हणाला, "अम्मी, मी चोरी नाही केली. नानीला पैसे दिलेत."

आणि खरंच दिले होते. आईने उशीखालचा बटवा काढून दाखवला. आत चारशे पंचावन्न रुपये, पोराने मोजून दिलेले. "त्याने हातात रोख दिले गं, मग मी पिन सांगितला. ईदीच आहे ना त्याची?" आई म्हणाली.

ईदी त्याची होती, हे खरंच. पण मी शिक्षिका आहे. अठरा वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी आणि मराठीवाल्यांना उर्दू शिकवते आहे. समोरच्याने बरोबर उत्तर दिलं तरी रागाच्या भरात ते चूक ठरवायची वाईट खोड शिक्षकांना लागते. मी ते ऐकूनच घेतलं नाही. ईदच्या दिवशी त्याला रडवलं.

त्या प्रसंगाला बरीच वर्षं झाली. मुलगा आता अकरावीत आहे. पण वर्गातले पालक मला अजूनही हाच प्रश्न विचारतात, "मॅडम, पोरगं गेममध्ये पैसे मागतंय, द्यायचे का?" ईदीच्या दिवसात तर हमखास. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर त्या ४५५ रुपयांत त्याने घेतलं काय? बीजीएमआय या गेमचा रॉयल पास. हा गेम म्हणजे आपला जुना पबजीच, नाव बदलून २ जुलै २०२१ला भारतात परत आलेला. त्यात रुपये थेट चालत नाहीत. आधी रुपये देऊन यूसी नावाचं गेममधलं नाणं घ्यायचं आणि मग त्या नाण्याने पास. पासची किंमत होती ३६० यूसी. पण दुकानात ३६० यूसीचं पाकीट मिळतच नव्हतं. ७५ रुपयांत ६० यूसी मिळत, ३८० रुपयांत ३२५, ७५० रुपयांत ६६०. म्हणजे ३२५ घेतले की ३५ कमी पडतात. मग आणखी ६०चं पाकीट घ्या. झाले ३८५. पास घेतल्यावर २५ उरतात आणि त्या २५मध्ये काहीच येत नाही. ते तसेच पडून राहतात, पुढच्या खरेदीची वाट पाहत.

दोन दिवसांनी राग उतरल्यावर मुलाने मला हा हिशेब वहीत करून दाखवला, तेव्हा मला शाळेतली कॅंटीन आठवली. तिथला मालक सुट्टे नाहीत म्हणून दोन चॉकलेटं हातावर ठेवतो. फरक इतकाच की चॉकलेट निदान खाता येतं.

पास घेतला म्हणजे गेम संपूर्ण मिळाला, असं नाही. गेम फुकटच आहे. पासने जास्त ताकदही मिळत नाही. मिळतात ते कपडे, बंदुकीवरचं रंगकाम, पॅराशूट, नाचायच्या अदा. आणि तेही एकदम हातात येत नाहीत. रोजची आणि आठवड्याची कामं पूर्ण करत एकेक पायरी चढायची, मग एकेक बक्षीस उघडतं. ठरलेल्या मुदतीत पायऱ्या चढून झाल्या नाहीत तर वरची बक्षिसं गेली. पैसे मात्र गेलेले असतातच.

आम्हा मुंबईकरांना पास म्हणजे लोकलचा पास. तो मीही काढते, करी रोडहून. महिन्याचा काढला तर रोजच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, हे आपल्याला पाठ असतं. गंमत म्हणजे रेल्वेच्या भाषेतही त्याला सीझन तिकीटच म्हणतात. पण एक मोठा फरक आहे. मला कामावर जायचंच असतं, म्हणून मी पास काढते. माझ्या मुलाने पास काढला, म्हणून त्याला रोज जावं लागलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळी सात वाजता उठून मोबाइल घेऊन बसला होता. "खेळतोयस?" म्हटलं, तर म्हणाला, "नाही अम्मी, मिशन करतोय." खेळ आणि काम यांतला फरक त्याने नकळत सांगून टाकला होता.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. पैसे किती, हे नंतर पाहू. विकत घेतलेली गोष्ट माझ्यासाठी थांबते का तिच्यासाठी मला धावावं लागतं, हे आधी पाहायचं.

पण तेव्हा मी इतका शांतपणे विचार केला नव्हता. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, जोगेश्वरीची बातमी आली. सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून गेमवर सुमारे दहा लाख रुपये उडवले, आईबाप रागावले, तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीत महाकाली लेण्यांच्या बाजूला शोधून काढला. पोरगं सुखरूप सापडलं, अल्लाहचे उपकार. आदल्या वर्षी पंजाबातल्या खरडमध्येही असंच सोळा लाखांचं प्रकरण झालं होतं. ती बातमी वाचून मी रात्रभर जागी होते. सकाळी मुलाच्या हातातून फोन घेतला आणि गेम काढून टाकला. त्याने विरोध केला नाही. फक्त म्हणाला, "आता मी कुणाशी बोलू?"

तेव्हा मला ते नाटक वाटलं. पण त्याचा अर्थ मला वर्षभराने कळला. त्याच्या गेममधला चौघांचा गट म्हणजे आमच्याच इमारतीतली आणि समोरच्या चाळीतली पोरं. दोघं हिंदू, एक ख्रिश्चन, एक आमचा. लॉकडाऊनमध्ये एकाच्या वडिलांची नोकरी गेली, भाडं परवडेना, ते बदलापूरला गेले. शाळा बंद, मैदान बंद. ही चार पोरं रोज रात्री आठ वाजता त्या गेममध्ये भेटत होती. गोळ्या झाडत होती हे खरं, पण त्याहून जास्त गप्पा मारत होती. बदलापूरचा मुलगा नव्या शाळेत कुणी बोलत नाही म्हणून रडायचा, तो तिथेच रडायचा. मी गेम काढला, तेव्हा मुलाचा ओटाच काढून घेतला होता. चाळीत वाढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं.

कारण मीही असा एक ओटा पाहिलेला आहे.

१९९४-९५ची गोष्ट. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून सायकलच्या दुकानामागे एक अंधारी खोली होती. तिच्यात तीन मशिनी. एक रुपयाचं नाणं टाकलं की खेळ सुरू. अब्बांची गिरणी संपानंतर धड उभी राहिलीच नव्हती. घर चालत होतं ते आईच्या शिवणावर आणि पिको-फॉलवर. त्या पैशांच्या डब्यातून माझा मोठा भाई रोज एक नाणं लांबवायचा आणि मला तोंड बंद ठेवण्यासाठी सोबत न्यायचा. मुलींनी खेळायचं नसतं, असा तिथला अलिखित कायदा. मी नुसती बघायची.

सगळ्यात लाडका खेळ कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. त्याचं खरं नाव होतं कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पण ते नाव तिथे कुणालाही माहीत नव्हतं. खेळातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा, म्हणून अख्ख्या हिंदुस्थानातली पोरं त्या खेळालाच मुस्तफा म्हणायची. दंगलीनंतरची ती दोन-तीन वर्षं होती. आमच्या घरात संध्याकाळी दाराला आतून कडी लागायची. आणि त्या खोलीत आजूबाजूच्या चाळींतली सगळी पोरं "मी मुस्तफा होणार, मी मुस्तफा" म्हणून एकमेकांची कॉलर धरायची. भाईने हे घरी सांगितलं तेव्हा अब्बा खूप दिवसांनी मोठ्याने हसले होते.

ती मशीनही पैसे खाणारीच होती, हे लपवायचं कारण नाही. तिचा धंदाच तुम्हाला मारण्यावर चालायचा. मेलात की पडद्यावर उलटे आकडे, दहा, नऊ, आठ. शून्याच्या आत दुसरं नाणं टाका, नाहीतर पहिल्यापासून खेळा. त्या दहा सेकंदांत पोरं मित्रांचे खिसे चाचपायची. घाई करून पैसे काढून घेण्याची युक्ती काही आजची नाही. पण खिशातली नाणी संपली की खेळ संपायचा. नाणं हाताला लागायचं, त्याचं वजन कळायचं. नानीच्या फोनमधल्या चार आकड्यांच्या पिनला वजन नसतं.

मधल्या काळात हा धंदा कसा बदलला, ते थोडक्यात सांगते. कारण पालक सगळ्याला एकच नाव देतात आणि तिथेच फसतात. पूर्वी कॅसेट किंवा सीडी घेतली की पूर्ण खेळ घरी यायचा. मग आली डीएलसी, म्हणजे मूळ खेळ घेतल्यावर इंटरनेटवरून वेगळे पैसे देऊन उतरवून घ्यायची पुरवणी. २००६मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या खेळात घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा जगभर त्याची टिंगल झाली होती. नुसत्या घोड्याच्या कपड्याला पैसे? आज तोच धंदा सगळ्यात मोठा आहे. मग आला सीझन पास, म्हणजे पुढे येणाऱ्या सगळ्या पुरवण्यांचे पैसे आजच द्या. आणि शेवटी आला बॅटल पास. डोटा-२ या खेळाने २०१३मध्ये त्याचं आधीचं रूप आणलं, फोर्टनाइटने तो घरोघर पोचवला. माझ्या मुलाचा रॉयल पास याच कुळातला.

तीन गोष्टी, तीन वेगळे सौदे. डीएलसी म्हणजे तयार शिवलेला कपडा, पाहून घेता येतो. सीझन पास म्हणजे शिंप्याला आगाऊ दिलेले पैसे. कपडा कसा होईल ते शिंप्याच्या इमानावर. आणि बॅटल पास म्हणजे असा शिंपी, जो पैसेही घेतो आणि वर रोज दुकानात येऊन मशीनही चालवायला लावतो.

आता डीएलसीची एक बरी गोष्ट सांगते.

ऑनलाइन शाळेसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडवरून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. गिरगावच्या बाजूचा हा रस्ता. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण मुंबईत ते नाव फक्त पोस्टमन वापरतो. माझा भाई कॉलेजात असताना याच रस्त्याच्या फुटपाथवरून एज ऑफ एम्पायर्स-२ची सीडी घेऊन आला होता. चोरीची कॉपी होती, आता कबूल करायला हरकत नाही. १९९९चा हा खेळ. गाव वसवा, शेती करा, किल्ला बांधा, मग लढाई. २०००मध्ये त्याची द कॉन्करर्स नावाची पुरवणी आली, तीही वेगळ्या सीडीवर. भाईने ती आणण्यासाठी दोन आठवडे वडापाव सोडला होता.

भाई आता मस्कतला असतो. हाच खेळ नव्या रूपात परत आलाय म्हणून त्याने भाच्याला तो भेट पाठवला. एप्रिल २०२२मध्ये त्याची एक डीएलसी आली, डायनेस्टीज ऑफ इंडिया. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या राजवटी. शिवाय तीन मोहिमा. एक पाल घराण्याच्या देवपालाची, एक चोळांच्या राजेंद्राची आणि एक बाबरची. मुलाने मे महिन्यात मागितली. गेम काढून टाकल्याचा सल माझ्या मनात होताच. सेलची वाट पाहिली आणि दोन प्लेट बिर्याणीच्या पैशांत घेऊन दिली. या वेळी मी स्वतः शेजारी बसून.

आठवड्याभराने तो स्वयंपाकघरात आला. "अम्मी, बाबर बारा वर्षांचा असताना राजा झाला होता?"

मी हातातली पोळी तव्यावर टाकली. आमच्या घरात हे नाव कधी घेतलं जात नव्हतं. आणि बाहेर ते ज्या तऱ्हेने घेतलं जातं, ते मला आणि तुम्हालाही ठाऊक आहे. मैदानात क्रिकेटवरून भांडण झालं की माझ्या मुलाने ते ऐकलं होतं, शिवी म्हणून. तो चिपळूणच्या बाजूच्या कोकणी मुसलमानाचा नातू. त्याच्या पणजोबांनी भात लावलं, आजोबांनी लालबागला मागावर सूत विणलं. बाबरशी त्याचं नातं इतकंच की कुणीतरी ते त्याच्या अंगावर फेकलं होतं.

"हो," मी म्हणाले. "फरगाण्याचा. वडील अचानक गेले, तेव्हा बाराच वर्षांचा होता. समरकंद जिंकलं आणि लगेच घालवलंही."

मग पोळ्या बाजूला राहिल्या. मी त्याला सांगितलं की या माणसाने स्वतःची आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. बाबरनामा. ती चगताई तुर्कीत आहे. अकबराच्या काळात १५८९मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने तिचं फारसी केलं. तोच तो रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या तासाला शिकतो. हिंदुस्थानात चांगली खरबुजं मिळत नाहीत म्हणून बाबर कुरकुरतो. लढाया करतो, माणसं मारतो, दारू पितो, पश्चात्ताप करतो. तो फरिश्ता नव्हता, राक्षसही नव्हता. पाचशे वर्षांपूर्वीचा एक तुर्क राजा होता. आपला बाप नव्हता आणि त्याच्या कामाचा हिशेब आपल्याला द्यायचा नाही.

मुलाने विचारलं, "मग ते आपल्याला का म्हणतात?"

त्याचं उत्तर कुठल्याच गेममध्ये नाही, कुठल्याच बीएडच्या पुस्तकातही नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. त्या खेळात इतिहास फार ढोबळ आहे, हे मला दिसत होतं. तिथे माणसं म्हणजे हलणारी प्यादी. पण ती पुरवणी घेतली नसती तर हे बोलणं त्या दिवशी झालं नसतं. पंधरा डाव, प्रत्येक मोहिमेचे पाच. सुट्टी संपायच्या आत खेळून झाले. खेळ संपला, आणि संपल्यावर त्याने मला पुन्हा पैसे मागितले नाहीत. आजही मस्कतहून मामूचा फोन आला की दोघं तासभर तेच खेळतात. दोन प्लेट बिर्याणी इतकी वर्षं पुरली, याला आमच्यात बरकत म्हणतात.

म्हणजे डीएलसी चांगली आणि पास वाईट, इतकं सोपं आहे का? नाही. घेतलेली वस्तू आपली राहते का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

पबजीवर भारतात २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली, एकूण ११८ ॲपबरोबर. ३० ऑक्टोबरला इथला सर्व्हर बंद झाला. ज्या पोरांनी पैसे घालून कपडे जमवले होते, त्यांचं सगळं एका रात्रीत कुलूपबंद झालं. पुढच्या वर्षी बीजीएमआयने जुना माल नव्या खात्यात आणायची सोय दिली, तोवर मुलांचा जीव टांगणीला. मग २८ जुलै २०२२ला बीजीएमआयही दुकानातून गायब झाला, तो परतला मे २०२३मध्ये. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. युबिसॉफ्ट कंपनीने द क्रू हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ला बंद केला. ज्यांनी दुकानातून डिस्क विकत घेतली होती, त्यांच्याकडे डिस्क राहिली, पण खेळ चालेना. त्यावरून परदेशात मोठी चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियात तर २०२५पासून कायदाच आहे. जे खरोखर मालकीचं होत नाही ते नुसतं 'खरेदी करा' म्हणून विकता येत नाही, हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं.

लॅमिंग्टन रोडवर जुनी डिस्क नेऊन दिली तर दुकानदार निम्मे तरी हातावर ठेवतो. पास, यूसी, कपडे, डीएलसी, यांचं असं काही नाही. वापरलेलं कुणाला विकता येत नाही, धाकट्या भावाला देता येत नाही. थोरल्याची शेरवानी धाकट्याला, ही आपली रीत तिथे चालत नाही.

आता क्रेट. पासच्या शेजारीच हे पेटारे ठेवलेले असतात. पैसे द्या, पेटारा उघडा, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८मध्ये पैसे घेऊन उघडायचे असे पेटारे जुगारात धरले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. पासमध्ये पैसे जिंकायचे नसतात, म्हणून ते चालू आहेत. पण माझ्या घरात या बाबतीत मी सरकारची वाट पाहिली नाही. काय मिळेल ते ठाऊक नसताना पैसे लावायचे, याला आपल्याकडे मैसिर म्हणतात आणि सातवीतल्या मुलालाही ते समजतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अब्बांनी म्हाडाचा अर्ज भरला होता, नंबर लागला नाही. तरी त्या सोडतीत निदान घर हे घर होतं. पेटाऱ्यातून निघते ती चकाकणारी पँट.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. आपल्या १८७२च्या करार कायद्यानुसार अठराच्या आतलं मूल करारच करू शकत नाही. मोहरी बीबी खटल्यात १९०३मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्द ठरवला. पण नानीच्या फोनवरून नानीचा पिन टाकला की कंपनीच्या लेखी खरेदी नानीची. म्हणून चूक कळताच गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत पैसे परत मागावेत. आणि मुलांना फसवणारी बटणं असतात, हा आपला वहाणा नव्हे. अमेरिकेत २०२२मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीवर कारवाई झाली. नकळत खरेदी होईल अशी रचना केल्याबद्दल ग्राहकांना परत द्यायची रक्कमच साडेचोवीस कोटी डॉलर ठरली. बीजीएमआय सुरू झाला तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च अशी मर्यादा ठेवली होती. दिवसाला सात हजार! आमच्या इमारतीत ज्या घरात पोराला दिवसाला सात हजार मिळतात, असं घर मला दाखवा.

पालक विचारतात तेव्हा मी आता सरसकट नाही म्हणत नाही. तीन गोष्टी विचारायला सांगते. खेळायला तू तसाही रोज जाणार आहेस का, का पास घेतला म्हणून जावं लागेल? हे संपतं का? आणि कंपनीने उद्या कुलूप लावलं तर या पैशांबद्दल वाईट वाटेल का? तिन्हींची उत्तरं मुलाने द्यायची, आपण नाही. हिशेब रुपयांत लिहायचा, यूसीत नाही. आणि पिन कुणाचाही असो, पैसे देताना मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. रागवायला नाही, सोबतीला.

आणि एक गोष्ट पालकांनी स्वतःला विचारायची. पोरगं पैसे कशासाठी मागतंय? माझ्या वर्गातल्या मुलांनी मला सांगितलंय, ज्याच्याकडे पास नाही त्याला गेममध्ये फुकट्या म्हणतात. ईदला सगळ्यांचे नवे कपडे आणि आपला जुना, ही बोच तुम्हाला आठवते का? मला आठवते. आईने साडीच्या उरलेल्या कापडातून माझा फ्रॉक शिवला होता आणि मी दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. पोराची ती बोच खोटी नसते. तिच्यावर धंदा करणारे चलाख असतात, इतकंच.

गेल्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा संपल्यावर, मुलाने विचारलं, "अम्मी, सुट्टीत पास घेऊ? आम्ही चौघं रोज खेळणार आहोत. बदलापूरवालाही." वहीत हिशेब लिहून आणला होता, रुपयांत. मी पैसे दिले. आणि त्याच दिवशी चार वर्षांपूर्वीच्या ईदबद्दल त्याची माफी मागितली. तो ओशाळला. म्हणाला, "जाऊ दे ना अम्मी, तेव्हाचे पंचवीस यूसी अजून पडून आहेत."

जूनमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू झाली. एके रात्री मी विचारलं, पास कुठवर आला? त्याने खांदे उडवले. निम्म्यावरच राहिला होता. दोन दिवसांत मुदत संपणार होती आणि तो फोन उशाला ठेवून झोपून गेला.